रोड बाईकचा कार्बन फोर्क: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा संपला, खड्डे उघडे पडले की मला हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी इंजिनिअर नाही, पण पुण्यात बरीच वर्षं रोड बाईक चालवतोय, स्वतःची सायकल स्वतः खोलतो आणि मित्रांच्याही खोलून ठेवतो (जोडताना कधीकधी एखादा वायसर उरतो, तो विषय वेगळा).

फोर्क म्हणजे आपला चिमटाच ना?

हो, चिमटाच. सायकलच्या दुकानात आजही चिमटाच म्हणतात, फक्त कार्बनचा (म्हणजे कार्बनच्या बारीक धाग्यांचं कापड रेझिनने, एका प्रकारच्या डिंकाने, घट्ट केलेलं) झाला की त्याला फोर्क म्हणायची पद्धत पडलीये. त्याचे भाग तीन: चाक धरणारे दोन पाय, ते जिथे एकत्र येतात तो क्राऊन, आणि तिथून वर फ्रेमच्या पुढच्या नळीतून जाणारा दांडा, ज्याला स्टिअरर म्हणतात. हँडलला धरणारा आखूड तुकडा, म्हणजे स्टेम, याच दांड्याला आवळलेला असतो, म्हणजे तुमचं हँडल शेवटी या एका नळीवर उभं आहे. पाय सगळ्यांना दिसतात म्हणून लोक पायांवरचे चरे मोजत बसतात. स्टिअरर दिसत नाही म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही, आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच असतो.

सायकलच्या माहितीत 'कार्बन फोर्क' लिहिलंय, म्हणजे सगळा कार्बन?

नसेलही. मधल्या किमतीच्या बऱ्याच रोड बाईकवर पाय कार्बनचे आणि स्टिअरर अॅल्युमिनियमचा असतो. यात फसवणूक काही नाही, उलट रोज ऑफिसला जाणाऱ्याला मी तोच घे म्हणेन, कारण थोडा जड असला तरी हाताळायला कमी नाजूक. पण आपल्याकडे कुठला आहे ते माहीत पाहिजे, कारण पुढची निम्मी उत्तरं त्यावर बदलतात.

ओळखायचं कसं तर सायकल चाकांवर उभी ठेवा, स्टेमचे बाजूचे बोल्ट अजिबात सोडू नका, फक्त वरच्या टोपीचा अॅलन बोल्ट काढा आणि टॉर्च मारून आत बघा. चांदणीसारखी पात्यांची चकती ठोकलेली दिसली तर धातूचा स्टिअरर. काळी नळी आणि त्यात आवळलेला जाडसर प्लग दिसला तर बहुतेक कार्बन. काम झालं की टोपी परत लावा आणि बोल्ट हलक्या हाताने, नुसता टेकेल इतकाच.

वजनात किती फरक पडतो?

ढोबळ आकडे सांगतो. रोडचा स्टीलचा फोर्क ८०० ग्रॅम ते १ किलो, कार्बन पाय आणि अॅल्युमिनियम स्टिअररवाला ५५० ते ७०० ग्रॅम, पूर्ण कार्बनचा साधारण ३५० ते ४५० ग्रॅम. म्हणजे स्टीलवरून उडी मारली तर अर्धा किलो वाचतो. ७५० मिलीची भरलेली बाटली याहून जड असते. सिंहगड चढताना हा अर्धा किलो जाणवतो असं सांगणारे भेटतात, मला अजून जाणवलेला नाही, पण सायकल खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर जाताना नक्की जाणवतो.

हादरे कमी बसतात म्हणे, खरंय का?

थोडं खरं, थोडं जाहिरातीचं. बारीक खरखर, म्हणजे जुन्या डांबरावर हाताला मुंग्या आणते ती, कार्बनच्या पायात जरा मरते, कारण कापडाच्या पट्ट्यांचे थर कुठल्या कोनात लावायचे ते कंपनीला ठरवता येतं आणि फोर्क पुढेमागे थोडा लवचिक आणि आडवा ताठ असा बनवता येतो. धातूच्या नळीत ही सोय फारशी नाही. पण खड्डा तो खड्डाच, स्पीड ब्रेकर तो स्पीड ब्रेकरच. हात दुखतात म्हणून फोर्क बदलायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी २५ मिलिमीटर रुंदीचे टायर काढून २८ चे टाकायला आणि हवा १०० पीएसआयवरून ७५-८० वर आणायला सांगतो. निम्मे लोक त्यानंतर फोर्कचं नावच काढत नाहीत. उतारावर मात्र फरक आहे, कात्रजच्या नव्या रस्त्याने खाली येताना ब्रेक मारला की चांगला कार्बन फोर्क थरथरत नाही, लाइन सोडत नाही. माझ्या मते पैसे द्यायचे तर यासाठी.

कार्बन न सांगता अचानक तुटतो, हे खरं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि विचारणाऱ्याने आधीच कुठलातरी व्हिडिओ बघितलेला असतो.

आधी साहित्याचं बोलू. अॅल्युमिनियम प्रत्येक हादऱ्याने कणभर थकतं, वर्षानुवर्षं तो थकवा साठतो आणि एक दिवस तडा जातो. नीट बनवलेलं कार्बन रोजच्या हादऱ्यांनी असं थकत नाही. त्याला मारतात दोन गोष्टी, एक म्हणजे आडवातिडवा जोराचा मार आणि दुसरी म्हणजे चुकीचं आवळणं. स्टील वाकतं आणि वाकलेलं दिसतं, त्यामुळे सायकलवाल्याला ते ठोकून सरळही करता येतं. कार्बन वाकून दाखवत नाही, आतले थर सुटतात, वरून रंग तसाच चकचकीत. 'न सांगता' म्हणतात ते एवढ्यापुरतं खरं. म्हणजे तो सांगतो, पण खोलून बघणाऱ्याला सांगतो.

दोन उदाहरणं माहीत असू द्या. २००६ च्या पॅरिस-रूबे शर्यतीत अमेरिकन सायकलपटू जॉर्ज हिनकॅपीचं हँडल दगडी रस्त्यावर चालत्या सायकलवरून सुटून हातात आलं आणि तो खांद्यावर आपटला. हा फोटो 'कार्बन तुटलं' म्हणून अजून फिरतो, पण तुटला तो अॅल्युमिनियमचा स्टिअरर होता, आणि त्याच शर्यतीत तो आधी एकदा पडलेला होता, सायकल न बदलता पुढे गेला. दुसरं, २०२१ मध्ये स्पेशलाइज्डने टारमॅक एसएल७ या महागड्या सायकली दुरुस्तीसाठी परत मागवल्या. का, तर हेडसेटमधली (स्टिअरर ज्या बेअरिंगवर फिरतो ती जोडणी) कॉम्प्रेशन रिंग स्टिअररवर दाब सारखा वाटत नव्हती आणि तिथे तडा जाण्याची शक्यता होती. दोन्हीकडे गडबड स्टिअररला, पायांना काही झालं नव्हतं.

बोल्ट किती आवळायचे? आमचा मेकॅनिक हाताच्या अंदाजाने आवळतो.

त्याचा हात स्टीलवर तयार झालाय, म्हणून अंदाजाने आवळतो. कार्बनला तो अंदाज चालत नाही. स्टेमवर आकडा छापलेला असतो, बहुतेक ५ न्यूटन मीटर (हे टॉर्कचं, म्हणजे आवळण्याच्या जोराचं माप), कुठे ४, कुठे ६. फोर्कच्या कंपनीचा आकडा वेगळा असेल तर दोघांतला लहान धरायचा. छापलेला आकडा ही वरची मर्यादा असते हे लक्षात ठेवा, तिथे पोचलंच पाहिजे असं नाही.

क्रम असा: आधी वरच्या टोपीचा बोल्ट हळू आवळून हेडसेटचा खेळ काढायचा, १-२ न्यूटन मीटर पुरे. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे ढकला, खटखट जाणवली तर अजून थोडं. मग पुढचं चाक उचला, हँडल आपोआप एका बाजूला पडलं पाहिजे, अडकलं तर जास्त झालंय. हे जमलं की मगच स्टेमचे बाजूचे दोन बोल्ट, एक इकडे एक तिकडे, थोडं थोडं करत. बरेच जण उलटं करतात, स्टेम आवळलेला असताना वरची टोपी पिळत बसतात, आणि खटखट जात नाही म्हणून अजून पिळतात. टोपी पिळून काही होत नाही हो, प्लग तेवढा वर सरकतो.

ग्रीस लावू नका. स्टेम घसरत असेल तर कार्बन पेस्ट मिळते, तिच्यात बारीक कण असतात त्यामुळे कमी टॉर्कमध्ये पकड येते, पण काही फोर्क कंपन्या स्टिअररवर तीही नको म्हणतात, म्हणून आधी त्यांचं पुस्तक बघा. टॉर्क रेंच एका बऱ्या टायरच्या पैशात येतो, चौघांत एक घेतलात तरी चालतो.

माझंच सांगतो. एका जुलैमध्ये पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचं चाक गेलं, कोपर सोललं, सायकलला वरून काहीच नाही. घरी येऊन स्टेम काढला तर स्टिअररवर स्टेमच्या खालच्या कडेला नखाने काढावी तशी गोल रेघ. खड्ड्याने ती होत नाही, ती आवळल्याने होते. दोन महिने आधी एका दुकानात सर्व्हिसिंग केलं होतं तेव्हा तिथल्या माणसाने लांब पान्ह्याने 'एकदम फिट्ट' करून दिलं होतं, मी शेजारी उभा राहून चहा पीत होतो आणि खूश होतो. फोर्क टाकून दिला. खड्ड्यात पडलो नसतो तर मी स्टेम काढलाच नसता, तेव्हापासून त्या खड्ड्यावर माझा राग नाही.

तो आतला प्लग गरजेचा आहे का? वजन वाचवायला काढला तर?

काढू नका. प्लगची कामं दोन आहेत, टोपीच्या बोल्टला धरायला जागा देणं आणि स्टेम जिथे बाहेरून दाबतो तिथे आतून टेकू देणं. पोकळ नळी बाहेरून दाबली तर चेपणारच. त्यामुळे प्लग बरोबर स्टेमच्या उंचीवर आत आला पाहिजे, खाली कुठेतरी नाही, आणि लांब प्लग आखूडपेक्षा बरा. आणि कार्बनच्या नळीत चांदणी कधीही ठोकायची नाही, तिची पाती आतून थर कापत जातात. हे करणारे आहेत, मी बघितलेत.

हँडल उंच हवंय, स्पेसर किती चालतील?

स्पेसर म्हणजे स्टेमच्या खाली-वर स्टिअररवर घालायच्या रिंगा. बहुतेक कंपन्या कार्बन स्टिअररला स्टेमखाली ३० मिलिमीटरच्या आसपास मर्यादा घालतात, काही ४०. पाठ दुखते म्हणून पन्नास-साठचा मनोरा रचलेला दिसतो, त्यात तरफेचा जोर स्टिअररवर वाढतो. वर हवं असेल तर स्टेम उलटा करून बघा किंवा जास्त कोनाचा घ्या. स्टेमच्या वरही एक ३-५ मिलिमीटरचा स्पेसर असू द्या, म्हणजे स्टेमची पूर्ण उंची नळीवर बसते, कडेला अर्धवट चावत नाही.

स्टिअरर घरी कापता येतो का?

येतो, फक्त घाई नको. आधी सगळं जोडून बघा, स्टेम, स्पेसर, वरचा स्पेसर, आणि सगळ्यात वरच्या स्पेसरच्या ३ मिलिमीटर खाली खूण करा. प्लगला वर कडा असेल तर तिची जाडी धरा. शंका असेल तर एक स्पेसर जास्त ठेवा, कारण वाढवायची सोय नाही. खुणेवर मास्किंग टेप गुंडाळायची, ३२ दात्यांचं बारीक हॅक्सॉ ब्लेड, सरळ जायला करवत-गाइड किंवा जुना स्टेम. एका बाजूने पाऊण भाग कापला की नळी फिरवून उरलेलं दुसऱ्या बाजूने, नाहीतर शेवटी धागे उचकटतात. पाइप कटर अजिबात नाही, तो कापतो कमी आणि चिरडतो जास्त. कड पॉलिश पेपरने हलकेच घासा आणि फेविक्विकचा पातळ हात फिरवा.

धूळ छातीत जाऊ देऊ नका. मास्क लावा, ब्लेड पाण्याने ओलं ठेवा, आणि हे काम स्वयंपाकघरात करू नका (एकदा केलंय, परत परवानगी मिळालेली नाही).

पडलो, पण काही दिसत नाही. चालवू का?

आधी हळद-दूध घ्या. मग सायकल. चाक काढा, फोर्क पुसून कोरडा करा, टॉर्च आडवी धरून बघा, सरळ प्रकाशात तडा लपतो. पायांवर जुना नायलॉनचा मोजा फिरवा, कुठे धागा अडकला तर तिथे थांबा. रंगाचा तडा आणि कार्बनचा तडा सारखाच दिसतो, नखाने दाबून बघा, मऊ लागलं किंवा कटकट आली तर रंगाचा नाही. नाण्याने टकटक करायची पद्धतही आहे, चांगल्या जागी टणक आवाज आणि थर सुटले असतील तिथे बद्द, पण यावर एकट्यावर भरवसा नको, जाडी बदलली की आवाज तसाही बदलतो.

खरं बघायचं ते यानंतर, आणि इथेच लोक कंटाळतात. स्टेम काढा, फोर्क खाली ओढून पूर्ण बाहेर काढा. तीन जागा: स्टेम बसतो तो पट्टा, वरची बेअरिंग टेकते ती जागा, आणि खाली क्राऊनजवळ जिथे खालची बेअरिंग बसते. तिथे गोल रेघ, पांढुरकी छटा किंवा काळी पूड दिसली तर फोर्क गेला समजा. समोरून जोरात आपटला असाल, म्हणजे रिक्षाच्या मागे वगैरे, आणि रिम वाकली असेल किंवा फ्रेम चेपली असेल, तर काही न दिसताही मी फोर्क बदलेन. फ्रेमबाबत मी इतका कडक नाही. फ्रेम गेली तर बहुतेक वेळा थांबायला वेळ मिळतो, स्टिअरर गेला तर तोंडावर.

तडा गेलेला फोर्क रिपेअर होतो का?

कार्बन फ्रेमची दुरुस्ती होते आणि चांगली होते. फोर्कला मात्र बरेच जाणकार दुरुस्तीवाले हातच लावत नाहीत, आणि स्टिअररचा तर प्रश्नच नाही. एम-सील लावून वर रंग मारलेला एक फोर्क बघितलाय मी. मालक त्यावर घाट उतरत होता.

नवा फोर्क घेताना कुठली मापं बघायची?

स्टिअररची जाडी आधी. साधारण दोन प्रकार: सरळ १-१/८ इंच म्हणजे २८.६ मिलिमीटर, आणि निमुळता, वर तेवढाच पण खाली १-१/२ इंच (काही ब्रँडचा १-१/४). सरळ नळीच्या फ्रेममध्ये निमुळता जातच नाही, म्हणून ही चूक घरीच कळते. लांबी बघा, सेकंड हँडमध्ये आधीच कापलेला असतो.

मग रेक. चाकाचा आस स्टिअररच्या रेषेपासून किती पुढे आहे ते माप, रोडला बहुतेक ४३, ४५ किंवा ५०. यावरून ट्रेल (स्टिअररची रेषा जमिनीला जिथे भिडते त्याच्या किती मागे टायर टेकतो ते अंतर) ठरतो आणि ट्रेलवरून सायकलचा स्वभाव. ७३ अंशाच्या हेड अँगलला (फ्रेमच्या पुढच्या नळीचा कल) आणि २५ च्या टायरला ४३ रेक दिला तर ट्रेल साधारण ५८ मिलिमीटर येतो, ५० दिला तर ५० च्या आसपास. म्हणजे रेक वाढला की ट्रेल कमी आणि हँडल जास्त चपळ, काहींना ते छान वाटतं, काहींना उतारावर अस्वस्थ. २ मिलिमीटरने काही बिघडत नाही, ७ ने कळतं. जुन्याचा रेक माहीत असेल तर तोच घ्या.

ब्रेक. रिम ब्रेकच्या फोर्कवर डिस्क बसत नाही, बसवायचा जुगाडही करू नका. डिस्क एकाच पायाला पिळते म्हणून डिस्कच्या फोर्कचा डावा पाय त्या हिशोबानेच बांधलेला असतो. डिस्कमध्ये परत फ्लॅट माउंट की पोस्ट माउंट (ब्रेक बसवायच्या जागेचे दोन प्रकार) हे तुमच्या ब्रेकशी, आणि १२ मिलिमीटरचा थ्रू अॅक्सल (आरपार जाणारा जाड आस) की साधा क्विक रिलीज (खटक्याने सुटणारा बारीक आस) हे तुमच्या चाकाच्या हबशी जुळलं पाहिजे. टायर किती मोठा मावतो ते विचारा, मी दोन्ही बाजूंना आणि वर ४ मिलिमीटर मोकळे सोडतो, कारण ओल्या मातीत खडे टायरला चिकटून वर येतात आणि फोर्कच्या आतून रंग खरवडतात.

हायब्रिडचा सस्पेन्शन फोर्क काढून कार्बन टाकू का?

चांगला विचार आहे, पण उंची मोजा, आसापासून क्राऊनपर्यंत. रोडचा फोर्क ३७० च्या आसपास असतो, सस्पेन्शनचा त्याहून कितीतरी उंच. पुढची बाजू २० मिलिमीटर खाली आली की हेड अँगल साधारण एक अंशाने उभा होतो, ५०-६० ने खाली आणलीत तर सायकल चालवण्यासारखी राहत नाही. हायब्रिडसाठी उंच कार्बन फोर्क वेगळे मिळतात, तेच घ्या.

ऊन, पाऊस, समुद्राची हवा?

उन्हात उभी केलेली गाडी तापते तेवढ्याने चांगल्या फोर्कचं रेझिन मऊ पडत नाही. पाण्याने कार्बन गंजत नाही. पण कार्बनला टेकलेलं अॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात गंजतं, आणि जोरात गंजतं, पांढरी भुकटी धरते. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, गोवा इथले लोक हे जाणतात. समुद्र नसला तरी घरात ट्रेनरवर तासन् तास चालवणाऱ्यांचा घाम थेट हेडसेटवर ठिबकतो, तो काही कमी खारट नाही, टॉवेल टाका.

मी दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात फोर्क पूर्ण काढतो. पावसाळा संपलेला असतो, बेअरिंगमध्ये गेलेला चिखल निघतो, स्टिअरर बघून होतो, आणि झेंडूचा हार तसाही स्वच्छ सायकललाच शोभतो.

कॅरियर, मडगार्ड, बसची डिकी?

कार्बनच्या पायांना क्लॅम्पने आवळून काहीही लावू नका, खास भोकं दिली असतील तरच. क्लिपवाले प्लॅस्टिकचे मडगार्ड चालतात, खाली टेप लावा, नाहीतर चिखल पॉलिश पेपरचं काम करतो. डिकीत चाक काढून टाकत असाल तर फोर्कच्या दोन टोकांमध्ये १०० मिलिमीटरचा ठोकळा बसवा. नवीन सायकलच्या खोक्यात तो प्लॅस्टिकचा तुकडा येतोच आणि सगळे फेकून देतात, दुकानात मागितला तर फुकट देतील.

सेकंड हँड किंवा बिननावाचा स्वस्त फोर्क?

सेकंड हँड चाक घेईन, सीट घेईन, गिअर घेईन, कार्बन फोर्क फक्त ओळखीच्याकडून आणि स्टेम काढून बघितल्यावर. विकणारा 'कधीच पडली नाही' म्हणतोच, स्टेम काढू देत नसेल तर नमस्कार करून निघा. बिननावाच्या फोर्कमध्ये वाईटच असतात असं नाही, पण कुठला चांगला ते बाहेरून कळत नाही. निदान आयएसओ ४२१० ची (सायकलच्या सुरक्षिततेचं आंतरराष्ट्रीय मानक) चाचणी झालीये का, टॉर्कचा आकडा दिलाय का, वजनाची मर्यादा दिलीये का, एवढं विचारा. उत्तर 'बेस्ट क्वालिटी सर' असं आलं तर तुम्हाला कळलं.

किती वर्षं टिकतो?

एक्स्पायरी नसते. पडलेला नसेल, नीट आवळलेला असेल तर दहा वर्षांचाही चालतो. पडलेला असेल तर दहा दिवसांचाही नाही.

पुढून कटकट आवाज येतो, फोर्क गेला का?

बहुतेक नाही. आधी क्विक रिलीज घट्ट करा, मग हेडसेट सुका पडलाय का बघा, मग प्लग सैल झालाय का. हँडलचे बोल्ट, पुढच्या चाकाचे स्पोक, अगदी लाइटचा क्लॅम्पसुद्धा फोर्कसारखा आवाज काढतो, मी एकदा तीन दिवस फोर्क खोलून जोडत होतो आणि शेवटी तो आवाज घराच्या चावीचा निघाला, खिशातल्या.